जी.एस. कोण झालं?

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या तालुक्याच्या गावात दोनच विषय असायचे. यंदा गणपतीला देखावा कुठला आणि जी.एस. कोण होणार. दोन्हीकडे गुलाल होता, दोन्हीकडे उधारी होती आणि दोन्हीकडे ज्यांचा काडीचा संबंध नाही अशी माणसं सगळ्यात पुढं असायची. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला एस.वाय. कॉमर्सच्या ‘ब’ तुकडीत कुणाची किती मतं आहेत ते आमच्या प्राचार्यांपेक्षा चांगलं ठाऊक असे. कारण चहा तिथंच व्हायचा आणि वहीत कुणाच्या नावावर मांडायचा हे त्याला विचारावं लागायचं.

मी शिकलो ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका मध्यम कॉलेजात. पुढं तशाच एका कॉलेजात शिकवण्यात नोकरी गेली. त्यामुळे निवडणुका असतानाचं कॉलेज मी विद्यार्थी म्हणून पाहिलं आणि नसतानाचं मास्तर म्हणून. आता कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला ‘तुमचा जी.एस. कोण?’ असं विचारलं तर ती क्षणभर माझ्याकडे पाहते आणि म्हणते, ‘काका, असं काही असतं का?’

असायचं. प्रत्येक वर्गातून एक सी.आर. निवडून यायचा, म्हणजे वर्ग प्रतिनिधी. सगळे सी.आर. मिळून जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, निवडायचे आणि विद्यापीठात पाठवायचा प्रतिनिधी, म्हणजे यू.आर.ही. मुलींसाठी एल.आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह, वेगळी. काही कॉलेजांत जी.एस.ला सगळ्या पोरांनी थेट मत द्यायची रीत होती, आमच्याकडे मात्र सी.आर.मार्फतच. म्हणजे ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा हा सगळा जिना कॉलेजच्या कंपाउंडमध्येच बांधलेला होता आणि त्याच्या पायऱ्यांवर पुढं व्हायचं ते सगळं आधीच होत होतं.

वर्गातलं मतदान साधंच. शिपाई सायक्लोस्टाइल केलेल्या चिठ्ठ्या घेऊन यायचा, एखादे वैतागलेले प्राध्यापक निवडणूक अधिकारी म्हणून टेबलाशी बसायचे आणि पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या पडायच्या. त्याआधीचे आठ दिवस मात्र बघण्यासारखे. उभ्या राहिलेल्या पोराला शेवटच्या बाकापर्यंत जावं लागायचं. शेवटच्या बाकावर वसतिगृहातली पोरं असत, कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा व शिका’मधून वर आलेली, कुणापुढं न वाकणारी. त्यांच्यात जाऊन उभं राहायचं आणि ‘मला मत का द्यायचं?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं. नंतर मुलींच्या बाकांकडे जायचं. त्या काळात वर्षभर मुलींशी एक अक्षर न बोललेली पोरं मत मागायच्या निमित्तानं पहिल्यांदा बोलली. काहींना तोंडातून शब्दच फुटेना, त्यांनी नुसतं कार्ड पुढं केलं आणि पळ काढला. मतं मात्र त्यांनाच जास्त पडली, हेही नमूद करतो.

सी.आर. निवडून आले की खरा तमाशा सुरू व्हायचा. ‘सी.आर. उचलले’ हे वाक्य त्या आठवड्यात गावात रोज कानावर यायचं. निकालाच्या संध्याकाळी कुणाची तरी जीप यायची आणि आठ-दहा सी.आर. गायब. पन्हाळा, महाबळेश्वर, जास्तच श्रीमंत पॅनेल असेल तर गोवा. एरवी कुणाच्या तरी मळ्यातल्या वस्तीवर कोंबड्या कापल्या जायच्या. घरी सांगायचं, ‘अभ्यास दौरा’. पोरांच्या आया रडकुंडीला यायच्या, बाप मात्र आतून खूश. पोराला किंमत आली म्हणून. मतदानाच्या दिवशी जीप थेट कॉलेजच्या व्हरांड्याला लागायची. झोपेनं डोळे तारवटलेले सी.आर. एकामागून एक उतरायचे आणि मत टाकून पुन्हा जीपमध्ये बसायचे. पुढं आमदारांना बसमध्ये भरून परराज्यातल्या हॉटेलांत नेण्याच्या बातम्या टीव्हीवर झळकू लागल्या, तेव्हा आमच्या पिढीला त्यांत नवं असं काही वाटलं नाही. गाड्या तेवढ्या वातानुकूलित झाल्या होत्या.

हे सगळं आठवताना हसू येतं, पण ते चांगलं होतं असं नाही. कारखान्याचे संचालक, पंचायत समितीतली मंडळी आपापल्या गटाचं पोरगं उभं करायची. कुठल्या वर्गात कुठल्या भावकीची किती मतं, कुठल्या जातीची किती, याचे तक्ते तयार असायचे. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना ते तक्ते तोंडपाठ असत. अकाउंटन्सी तेवढी पाठ झाली असती तर निम्मा वर्ग सी.ए. झाला असता.

आणि मुली? एल.आर. हे पद बहुतेक वेळा बिनविरोध. प्राध्यापिका बाई एखाद्या शांत मुलीला बोलावून सांगायच्या, ‘तू हो गं.’ ती व्हायची, गॅदरिंगमध्ये पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायची, वर्ष संपायचं. आमच्या शेवटच्या वर्षी मात्र एक मुलगी सरळ सी.आर.ला उभी राहिली, दोन मुलांच्या विरोधात. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडच्या भिंतीवर तिच्याबद्दल खडूनं काय काय लिहिलेलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं ते स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं आणि वर्गात येऊन एवढंच बोलली, की लेडीज रूमच्या नळाला दोन वर्षं पाणी नाही, आम्ही घरी जाईपर्यंत तशाच थांबतो, मी निवडून आले तर आधी ते करीन. मुलींनी एकगठ्ठा मत दिलं आणि ती आली. पाणी दिवाळीच्या सुट्टीआधी आलं. विद्यार्थी प्रतिनिधित्वावर मी पुढं पुष्कळ वाचलं, परिसंवादांत बसलो, पण त्या नळाइतकं पटेल असं कुणी काही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट एस.टी.ची. पूर्वेकडच्या गावांची शेवटची सोयीची गाडी पाच दहाला सुटायची आणि सायन्सची प्रॅक्टिकल्स साडेपाचला संपायची. त्या पट्ट्यातली पोरं एक तर प्रॅक्टिकल अर्धवट सोडायची, नाही तर रात्रीच्या मुक्कामी गाडीनं नऊला घरी पोचायची. मुलींना ते शक्य नव्हतं. म्हणून त्या पट्ट्यातल्या मुली सायन्सला जातच नव्हत्या, आर्ट्सला जायच्या. आमच्या वर्षीचा जी.एस. हा अगदी गुलालातून वर आलेला गडी. वक्तृत्व शून्य, आवाज तेवढा मोठा. तो पाच-सहा सी.आर. घेऊन डेपोत गेला. आम्हाला वाटलं, आता काचा फुटणार. डेपो मॅनेजर खमके होते. त्यांनी पोरांना उभंच ठेवलं आणि विचारलं, ‘किती पोरं आहेत त्या रूटला?’ कुणालाच सांगता येईना. ‘मग मोजून या. गाववार यादी, पास नंबर, सह्या. आणि अर्ज प्राचार्यांच्या सहीनं.’

पुढचे दोन दिवस प्रत्येक सी.आर. आपल्या वर्गात पान घेऊन फिरला. गाव, नाव, पास नंबर, सही, असे चार रकाने पट्टीनं आखलेले. ज्यांची विरोधी पॅनेलला मतं गेली होती त्यांच्याकडेही जावं लागलं, कारण गाडी पॅनेल बघून सुटत नाही. कुणी खोटी नावं घुसडली तर पास नंबरवरून पकडली जाणार होती. यादी दिली. काही दिवसांनी डेपोच्या फळ्यावर खडूनं पाच दहा खोडून पाच चाळीस झालं. मोर्चा नाही, काच नाही, पेपरात बातमीही नाही. आमच्या जी.एस.ला याचं फार काही वाटलं नाही. त्याला गॅदरिंगला सिनेमातला पाहुणा आणायचा होता, ते जमलं नाही याचंच दुःख जास्त. पण पुढच्या वर्षापासून त्या गावांच्या मुली सायन्सला येऊ लागल्या.

गोव्यात तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी मोठा लढा दिला आणि ती पदरात पाडून घेतली. त्याच दशकात, १९७३ च्या डिसेंबरात, अहमदाबादच्या एल.डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून पोरं उठली, आणि १९७४ च्या फेब्रुवारीत गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना, चिमणभाई पटेलांना, राजीनामा द्यावा लागला. भाडं, मेस, नळ, पाच चाळीसची गाडी. विद्यार्थ्यांचं राजकारण जिथं खरं होतं तिथं ते असल्या बारक्या गोष्टींतून निघालेलं दिसतं.

मोठी माणसंही त्याच वाटेनं आली. शरद पवार पुण्याच्या बीएमसीसीत विद्यार्थ्यांचं पुढारपण करत होते. प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची दोस्ती अंबाजोगाईत शिकताना जमली आणि दोघंही अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेतून पुढं आले. डॉ. कुमार सप्तर्षींचं युवक क्रांती दल, समाजवादी युवजन सभा, डाव्यांची एसएफआय, काँग्रेसची एनएसयूआय, शिवसेनेची विद्यार्थी सेना. विचार कुठलाही असो, प्रत्येकाकडे कॉलेजात काम करणारी पोरं होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात झाला आणि प्रत्यक्ष नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या वर्षांत ते आंदोलन ज्यांनी अंगावर घेतलं त्यांत विद्यार्थी फार मोठ्या संख्येनं होते, आणि घरंदारंही जळाली ती दलितांची. हा इतिहास नुसत्या गोड आठवणींत बसत नाही.

वयाचाही एक योगायोग आमच्या वाट्याला आला. ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभा. आमच्या वर्गातल्या पोरांनी बोटाला शाई लावून घेतली तेव्हा त्यांना मत म्हणजे काय हे नवीन नव्हतं. सी.आर.ला दिलेलं होतंच. आणि दिलेलं मत कुठं गेलं, त्याची कोंबडी कुणी खाल्ली, हेही त्यांनी पाहिलेलं होतं.

पण देशानं अठराव्या वर्षी माणूस शहाणा मानला त्याच सुमाराला महाराष्ट्रातल्या कॉलेजांत उलटा प्रवास सुरू झाला. मारामाऱ्या वाढल्या होत्या. हॉकी स्टिक ही खेळायची वस्तू राहिली नव्हती. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या एनएसयूआयच्या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि महाविद्यालयीन निवडणुका नकोत, ही मागणी पालक, प्राचार्य, संपादक सगळ्यांकडून येऊ लागली. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. एका घरातला तरणा मुलगा गेला होता. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका संपवल्या. ४० व्या कलमात नवी व्यवस्था आली. मागच्या परीक्षेत ज्यानं गुण मिळवले त्याला प्राचार्य वर्गाचा प्रतिनिधी म्हणून नेमणार आणि हे नेमलेले प्रतिनिधी आपल्यातून सचिव निवडणार.

ही व्यवस्था मी मास्तर म्हणून राबवली. पहिल्या वर्षीची एक मुलगी अजून डोळ्यापुढं आहे. एस.वाय.ला पहिली आलेली, चष्मा नाकावर, हातात कायम भौतिकशास्त्राचं जाडं पुस्तक. मी तिला बोलावून सांगितलं की तू विद्यार्थी परिषदेवर आहेस. तिचा चेहरा पडला. ‘सर, मला नको. दुसऱ्या कुणाला तरी करा.’ मी म्हटलं, कायद्यानं तूच. ती म्हणाली, ‘पण मला वर्गातलं कुणी काही विचारत नाही हो. मी काय बोलू त्यांच्या वतीनं?’ कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचलं नाही ते त्या पोरीनं स्टाफरूमच्या दारात उभं राहून सांगितलं. तिनं सही केली, बैठकीला आली, चहा-बिस्किट घेतलं, परत गेली. इतिवृत्तात ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं गेलं. चर्चा कसली, ते इतिवृत्तालाच ठाऊक.

हुशार मुलं वाईट प्रतिनिधी असतात असं नाही. काहींनी ग्रंथालयाच्या वेळा वाढवून घेतल्या, नियतकालिक छान काढलं. पण त्यांच्यामागं वर्ग नव्हता. त्यांना कुणाच्या बाकापाशी जाऊन उभं राहावं लागलं नव्हतं आणि वर्षअखेरीस कुणी त्यांना ‘काय केलंस रे?’ असं विचारणार नव्हतं. संस्थाचालकांना हे फार सोयीचं झालं. जिमखाना फी कुठं जाते, स्नेहसंमेलनाच्या मांडवाचं बिल एवढं कसं, असे प्रश्न विचारणारी कटकटी पोरं बैठकीतून आपोआप बाहेर राहिली, कारण कटकटी पोरं सहसा पहिली येत नाहीत. गुंडगिरी संपवण्यासाठी आणलेल्या नियमानं प्रश्नही संपले. गुंडगिरी मात्र कॉलेजच्या फाटकाबाहेर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जाऊन बसली.

देशभर पाहिलं तर निवडणुका बंद न करता त्यांना वेसण घालायचा रस्ताही होता. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीनं २००६ मध्ये शिफारशी दिल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या लागू केल्या. पदवीच्या उमेदवाराचं वय १७ ते २२, हजेरी ७५ टक्के, खर्चाची मर्यादा ५००० रुपये, छापील पोस्टर बंद, सगळी प्रक्रिया दहा दिवसांत आटोपायची. दिल्लीत या नियमांचं काय होतं ते तिथल्या भिंती सांगतात. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या पोस्टरबाजीवर उच्च न्यायालय इतकं चिडलं की मतमोजणीच रोखून धरली. पण तिथं निवडणूक होते. जेएनयूत होते, हैदराबादला होते, केरळात तर कॉलेजाकॉलेजात होते. आणि त्याच केरळात, २०२० च्या डिसेंबरात, आर्या राजेंद्रन ही कॉलेजात शिकणारी एकवीस वर्षांची मुलगी तिरुवनंतपुरमची महापौर झाली. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला गॅदरिंगचं सूत्रसंचालन मिळालं तरी घरात पेढे वाटतात.

महाराष्ट्राला उशिरा का होईना, जाग आली. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि त्यात खुल्या निवडणुका परत आल्या. अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, वर्ग प्रतिनिधी, सगळं नीट लिहिलेलं. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेला अधिसभेत जागा. आमच्या स्टाफरूममधले तरुण प्राध्यापक घाबरले आणि आम्ही म्हातारे सुखावलो. नियमावली २०१८ मध्ये आली. २०१९ च्या पावसाळ्यात तारखाही जाहीर झाल्या, मतदारयाद्या तयार झाल्या, मुलं विचारायला येऊ लागली की सर, फॉर्म कधी मिळणार. मग विधानसभा निवडणुकीचं कारण पुढं आलं आणि सगळं स्थगित झालं. पुढच्या वर्षी कोरोना. त्यानंतरची वर्षं ‘लवकरच’ या आश्वासनात गेली.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विद्यार्थ्यांचा मतदारसंघ हा जगातला सगळ्यात सोयीचा मतदारसंघ आहे. तीन वर्षांत अख्खा बदलतो. आज ज्यांना डावललं ते परवा पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी आलेल्यांना आपल्याला काय मिळायला हवं होतं हेच माहीत नसतं. शेतकऱ्याला फसवलं तर तो पुढच्या हंगामात तिथंच उभा असतो. विद्यार्थी नसतो. म्हणून निवडणूक पुढं ढकलण्याची किंमत कुठल्याच सरकारला मोजावी लागली नाही, आणि या काळात सत्तेवर जवळजवळ सगळेच पक्ष येऊन गेले.

अधिसभेच्या निवडणुका होतात, त्यांच्या बातम्याही येतात. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटातल्या दहाच्या दहा जागा २०१८ मध्ये युवासेनेनं जिंकल्या आणि २०२४ मध्ये, ऐन वेळी स्थगिती, मग उच्च न्यायालय अशा गोंधळातून मतदान होऊन, पुन्हा दहाही ठाकऱ्यांच्या युवासेनेनं घेतल्या. पण ते मतदार नोंदणीकृत पदवीधर, म्हणजे विद्यापीठातून बाहेर पडलेले. आत बसलेल्या, उद्या पेपर असलेल्या पोराचं मत त्यात नाही.

त्याचं मत मग कुठं जातं? रस्त्यावर. ११ मार्च २०२१ ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढं ढकलल्याचं जाहीर झालं आणि पुण्यात नवी पेठेतल्या शास्त्री रस्त्यावर हजारो पोरं उतरली. मुख्यमंत्र्यांना त्याच रात्री बोलावं लागलं आणि परीक्षा २१ मार्चला झाली. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्णनात्मक परीक्षापद्धत २०२५ पासूनच लागू करा म्हणून पुण्यातच ठिय्या बसला, शरद पवार रात्री भेटायला गेले आणि लोकसेवा आयोगानं मागणी मानली. २०२४ च्या ऑगस्टात बँकेची आणि आयोगाची परीक्षा एकाच दिवशी आली म्हणून पुन्हा तेच, पुन्हा तारीख बदलली. म्हणजे आवाजाला धार आहे. सरकार ऐकतंही. पण ऐकतं ते चौक अडला की. चौक अडण्याआधी ज्याच्याशी बोलता येईल असा, या पोरांनी मत देऊन पाठवलेला माणूस कुठंच नाही. टेलिग्रामवरचे चॅनेल आहेत, क्लास चालवणारे सर आहेत, राजकीय पक्षांचे प्रवक्ते आहेत. त्यांच्यातलं कोण खरंच पोरांचं आणि कोण स्वतःच्या बॅचच्या जाहिरातीचं, हे रात्री अकरा वाजता चौकात कसं ठरवणार?

आमच्या डेपो मॅनेजरनं ‘मोजून या’ म्हटलं तेव्हा मोजायला सी.आर. होते. आता सी.आर. आहे, नाही असं नाही. पुतणीच्या वर्गातही आहे. सरांनी नेमलेला. त्याचं काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या सबमिशन आहे’ हे टाकणं. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो. आमचा सी.आर. वर्गाचं गाऱ्हाणं वर न्यायचा, हिचा सी.आर. वरचा हुकूम खाली आणतो. मुलांची यात चूक नाही. ती आमच्यापेक्षा जास्त वाचतात, जास्त पाहतात, माहिती अधिकारात अर्ज टाकतात, फीचे आकडे शोधून काढतात. वर्गातल्या न आवडणाऱ्या मुलाकडे जाऊन त्याची सही मागण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी येत नाही.

याचा परिणाम वर दिसतो. पहिल्या लोकसभेतल्या खासदारांचं सरासरी वय सेहेचाळीसच्या आसपास होतं. २०२४ च्या लोकसभेत ते छप्पन्न आहे. ज्या देशात निम्मी माणसं तिशीच्या आतली, तिथं हे. आणि जे तरुण येतात ते कुठल्या दारानं येतात तेही बघावं. आमच्याच भागातलं उदाहरण देतो. आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, १९७९ मध्ये सांगलीच्या जिल्हा परिषदेवर निवडून आले तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते. घरात सत्ता नव्हती, पैसा नव्हता, वक्तृत्व आणि पायपीट होती. त्यांचे चिरंजीव रोहित पाटील २०२४ मध्ये तासगाव-कवठे महांकाळमधून पंचविसाव्या वर्षी आमदार झाले, राज्यातले सगळ्यात तरुण. मुलाला नावं ठेवायचं कारण नाही, लोकांनी निवडून दिलंय. पण १९७९ मधल्या आबांसारखा, मागं कुणी नसलेला पोरगा आज कुठं तयार होईल? जिल्हा परिषदा नि महापालिकासुद्धा २०२२ नंतर वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हातात राहिल्या. एकविसाव्या वर्षी नगरसेवक होता येतं, असं कायदा म्हणतो. निवडणूकच नसेल तर एकविसावं वर्ष वाट पाहत थांबत नाही.

निवडणुका परत आल्या तर पैसा येईल, पक्ष येतील, जात येईल, जीप येईल. येणारच. हे सगळं नको म्हणून आपण तीस वर्षं दार लावून बसलो. पैसा आणि जात त्यानं कमी झाली असती तर मी गप्प बसलो असतो. मारामारी झाली तर पोलीस आहेत, खर्च वाढला तर उमेदवारी रद्द करायचा नियम आहे. मतपेटी बंद ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हता, हे आता पुरेसं सिद्ध झालंय.

तोपर्यंत एवढं करता येईल. तुमच्या घरातलं मूल कॉलेजात असेल तर त्याला विचारा, तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी कोण आणि तो कुणी ठरवला. विद्यार्थी परिषदेची शेवटची बैठक कधी झाली, तिचं इतिवृत्त फळ्यावर लागलं का. उत्तर मिळालं नाही तर तोच प्रश्न लेखी लिहून, दहा मुलांच्या सह्या घेऊन, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला सांगा आणि पोच घ्यायला विसरू नका.